शाळेतल्या सगळ्या स्टाफला कॉलेज फीची मदत मिळवायची तर
अमेरिकेतल्या शाळांमधे बस चालवणारे, किचनमधे राबणारे, वर्गातले मदतनीस, यांनाही कॉलेज फीची मदत हवी असेल तर आधी डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) पॉलिसीतली 'पात्र कर्मचारी'ची व्याख्या वाचा, बऱ्याचदा गाडी तिथेच अडते, 'फुल टाइम शिक्षक' एवढे तीन शब्द आणि बाकी सगळे बाहेर! मग युनियनला गाठा, नवा करार ठरायच्या आधीच. कराराच्या मसुद्यात पात्र ठरायला कामाचे किमान तास किती ते लिहा नाहीतर पार्ट टाइमवाले परत सुटतात. आणि फी थेट कॉलेजला भरायला सांगा, आधी भरा मग परत घ्या म्हटलं तर कमी पगारवाल्याने पैसे आणायचे कुठून? टॅक्सचं म्हणाल तर अमेरिकेच्या टॅक्स कायद्यातल्या कलम १२७ प्रमाणे नोकरी देणाऱ्याची लेखी योजना असेल तर अशा मदतीवर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही.