सुट्टीत मुलांसोबत नानकटाई: या चुका टाळा

बडोद्यातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी चांगली तीन आठवड्यांची असते. चकलीच्या कढईपाशी मुलांना फिरकू देता येत नाही, म्हणून फराळातली नानकटाई त्यांच्या वाट्याला येते. मग कधी ट्रेवरचे सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटतात, कधी वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, तर कधी दुसऱ्या दिवशी दाताने फुटत नाहीत. दोष पाककृतीवर ढकलला जातो, पण बिघाड बहुधा दोनच जागी असतो: तुपाचं तापमान आणि गोळ्यांचा आकार. नेमक्या याच दोन गोष्टी त्या दिवशी मुलांच्या हातात असतात.

पुढचं सगळं या मापाला धरून आहे: मैदा 150 ग्रॅम, बारीक बेसन 50 ग्रॅम, बारीक रवा 25 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, साजूक तूप 120 ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा, दही एक छोटा चमचा, वेलची पूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. साधारण 450 ग्रॅमचा गोळा होतो. 18 ग्रॅमची एक धरली तर 25 नानकटाया.

वाटीने मोजणं

एकाच वाटीत मैदा अलगद भरला तर 125 ग्रॅम बसतो, आणि मुलांनी डब्यात खुपसून, वर हाताने दाबून भरला तर 150 ग्रॅमच्याही पुढे जातो. एवढ्या फरकाने गोळा भुरभुरीत होतो, वळत नाही, आणि मग कोणीतरी त्यात दूध घालतं. दूध पडलं की मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवट करणारं प्रथिन, जागं होतं आणि खुसखुशीतपणा गेलाच. डिजिटल काटा असेल तर मोजायचं काम मुलांनाच द्या. भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि आकडा जुळेपर्यंत चमच्याने घालायचं, यात सहा-सात वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा चोख असतात.

बेसन कोणतं, हेही बघा. आपल्याकडे लाडू आणि मगस (बेसनाची गुजराती मिठाई) यांसाठी दळलेलं जाड बेसन घरात असतंच; ते घातलं तर नानकटाई दाताखाली कचकच करते. थोडी कणीक घालायची असेल तर पोळीची बारीक घ्या, भाखरीच्या जाड पिठाने ती उचलतानाच तुटेल.

पातळ तुपाने सुरुवात करणं

सगळ्यात जास्त नानकटाया इथे बिघडतात, म्हणून इथे जरा थांबू.

साजूक तूप साधारण 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं. ऑक्टोबरअखेरीस बडोद्यात दुपारचा पारा तेवढ्यावर सहज जातो आणि शेजारी शेगडी चालू असेल तर स्वयंपाकघर त्याहून गरम. म्हणजे ओट्यावरच्या डब्यातलं तूप दुपारी अर्धं तेल झालेलं असतं. अशा तुपात साखर फेटली तर हवा धरली जात नाही. घट्टसर तुपात साखरेचे कण घुसताना हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि भट्टीत तेच फुगून नानकटाई हलकी करतात. तेलकट तुपात हे होतच नाही. पीठ घातल्यावर गोळा सैल, चकचकीत दिसतो. तो बघून आणखी मैदा घालायचा मोह होतो आणि तीच दुसरी चूक: आता नानकटाई पसरणार नाही, पण दगड होईल.

तूप कसं हवं? बोट दाबलं तर खळगा राहावा, पण जोर लावावा लागू नये. त्यासाठी फराळाच्या दिवसांत नानकटाई सकाळी, बाकीच्या शेगड्या पेटायच्या आधी करा. डब्यात वर तेल आणि खाली रवाळ थर असेल तर आधी सगळं ढवळून एकजीव करा आणि मगच तोला; फक्त वरचं घेतलं तर पीठ सैल होणारच. मोजलेलं तूप दहा मिनिटं फ्रिजमध्ये, मग बाहेर. गाईचं तूप म्हशीच्या तुपापेक्षा मऊ राहतं, त्याला पाच मिनिटं जास्त द्या.

पिठीसाखरेचं एक सहसा लक्षात येत नाही. मिक्सरमधून नुकतीच काढलेली साखर चांगली कोमट असते. ती लगेच तुपात घातली की फ्रिजची सगळी मेहनत वाया. साखर आदल्या रात्रीच दळून, चाळून ठेवा.

तूप-साखर परातीत तळहाताने किंवा विस्कने पाच ते सात मिनिटं फेटा. रंग पांढुरका झाला आणि हाताला साखर खरखरली नाही की पुरे. हे काम मुलांना आवडतं, पण पूर्ण त्यांच्यावर सोडू नका. तळहाताची उष्णता तुपाच्या वितळण्याच्या इतकी जवळ असते की पंधरा मिनिटं मजेत घोळवलेलं तूप पातळ होणारच. दोन-दोन मिनिटांच्या पाळ्या लावा.

एवढं करूनही गोळा सैल झाला तर मैद्याच्या डब्याला हात न लावता परात झाकून 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आणि ‘बेकरीची कशी उभी राहते’ हा प्रश्न पडला असेल तर उत्तर बऱ्याचदा वनस्पती तुपात असतं, ते साजूक तुपापेक्षा उशिरा वितळतं. घरी त्याची बरोबरी करायची गरज नाही.

नाताळात केलीत तर गणित उलटं होतं. डिसेंबरच्या सकाळी तूप कडक असतं, नीट फेटलं जात नाही, गुठळ्या राहतात. त्या ओव्हनमध्ये वितळून नानकटाईला भोकं पडतात आणि खाली तुपाचं थारोळं. तेव्हा तुपाचं भांडं कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. गॅसवर वितळवू नका.

तुपाऐवजी बटर घेणार असाल तर त्यात सुमारे 80 टक्केच स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. म्हणून 120 ग्रॅम तुपाच्या जागी 150 ग्रॅम बटर लागेल आणि पोत थोडा कडक येईल. नेहमीचं टेबल बटर खारं असतं, वेगळं मीठ टाकायचं नाही.

सोड्याचा गोंधळ

दुकानात मुलांना पाठवत असाल तर चिठ्ठी द्या. गुजराती दुकानदाराकडे खायचा सोडा ‘साजीना फूल’ आणि सायट्रिक ॲसिड ‘लिंबूना फूल’ म्हणून मिळतं. दोन्ही पांढरी, आणि निरोप पोचवताना मुलांच्या लक्षात फक्त ‘फूल’ राहतं. धुण्याचा सोडा तर वेगळाच, तो पोटात जाता कामा नये. पापडखारही चालणार नाही.

पाव छोटा चमचा म्हणजे सपाट, सुरीने वरचा ढीग काढलेला. जास्त सोड्याने नानकटाई छान फुलेल असं वाटतं, पण ती उलट पसरते, लवकर काळपट होते आणि साबणासारखी कडवट लागते. वरचे तपकिरी ठिपके म्हणजे सोडा नीट मिसळला नाही. मैदा, बेसन आणि सोडा एकत्र दोनदा चाळा. चाळणीवर गुठळ्या मोडायचं काम चार वर्षांचं मूलही करतं. दही शेवटी घालायचं, आणि दही पडल्यावर गोळा तासन्‌तास ठेवायचा नाही, सोड्याचा जोर आधीच संपतो. सोडा जुना वाटत असेल तर चिमूटभर घेऊन वर लिंबू पिळा, लगेच फसफसला तर ठीक.

पोळीच्या कणकेसारखं मळणं

नानकटाईचं पीठ मळायचं नसतं, गोळा करायचं असतं. कोरडं मिश्रण तुपात घातलं की बोटांनी एकत्र आणा. मुठीत दाबल्यावर धरलं की हात काढा. मुलांना मळायचंच असेल तर थोडी कणीक वेगळी द्या.

लहान-मोठे गोळे एकाच ट्रेवर

मुलांनी वळलेला एक गोळा सुपारीएवढा असतो, दुसरा लिंबाएवढा. 18 मिनिटांत छोटा करपतो, मोठा आत कच्चाच. सारखे व्हावेत म्हणून सतत टोकण्यात अर्थ नाही. मोठ्या चमच्याच्या मापाने तुकडे तुम्ही पाडून द्या, वळणं त्यांच्याकडे. किंवा मग गोळे झाल्यावर दोन ट्रे करा: लहान एकीकडे, मोठे दुसरीकडे. लहानांचा ट्रे 13-14 मिनिटांत काढा.

गोळा हलकेच दाबून साधारण एक सेंटिमीटर जाड ठेवा, दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. पिस्त्याचा काप लावताना मुलं अंगठा पार तळापर्यंत नेतात आणि नानकटाई मधून फुटते. काप नुसता टेकवून अर्धा दाबायचा. वरून भेगा पडल्या तर तो दोष नाही, त्या पडायलाच हव्यात. अजिबात पडल्या नाहीत तर तूप जास्त झालं किंवा सोडा मेलेला होता.

मासे, तारे, पणत्या कापायचे साचे मुलांना हवे असतात, पण या भुसभुशीत पिठात ते चालत नाहीत, कडा ढासळतात. साच्यासाठी वेगळं पीठ करा: मैदा 200 ग्रॅम, बटर 100, पिठीसाखर 75, दूध एक-दोन मोठे चमचे, सोडा नाही. धुतलेल्या दुधाच्या दोन पिशव्या कापून त्यांच्यामध्ये अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, लाटलेली पोळी तशीच 20-30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग साचे मारा. थंड न करता कापलं की तारा उचलताना लांबट होतो आणि रडारड सुरू. रंगीत साखरगोळ्या भाजल्यावर, थोडी आयसिंग लावून चिकटवा; आधी लावल्या तर रंग उतरतो. टूटीफ्रूटी घालायची तर आधी कोरड्या मैद्यात घोळवा.

ओव्हनच्या खुंटीवर विश्वास ठेवणं

लहान ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) तापमानाची खुंटी 170 वर असली तरी आतलं तापमान 20-30 अंशांनी इकडेतिकडे असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर फार महाग नसतो, तो घ्याच. तो नसेल तर पहिल्या खेपेला फक्त दोनच नानकटाया भाजून बघा. 170 अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून, किमान 10 ते 15 मिनिटं आधी तापवा. ट्रे मधल्या कप्प्यात. वेळ 18 ते 20 मिनिटं, आणि दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, कारण मागची बाजू जास्त तापते. वरून लवकर रंग येत असेल तर वरचा रॉड बंद करा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडच हवा; साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये आतून करपून वरून पांढरी राहिलेली नानकटाई मिळते.

ओटीजी भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, तळाला वाटीभर मीठ, त्यावर जाळी, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर 20-25 मिनिटं. रोजच्या कुकरला पाण्याशिवाय तापवून खराब करू नका. गोळे बेकरीच्या भट्टीत भाजून आणणार असाल तर एकसारखे वळून, थंड ठेवून न्या. तिथली आच घरच्यापेक्षा कडक असते.

दुसरी खेप पहिल्याच गरम ट्रेवर लावणं ही घाईची नेहमीची चूक. गोळे ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळायला लागतात. दोन ट्रे आलटून पालटून वापरा. ट्रेला तूप चोपडायचीही गरज नाही, बटर पेपर पुरे.

कडक होईपर्यंत भाजणं

गरम नानकटाई मऊच असते. ‘अजून कच्ची आहे’ म्हणून पाच मिनिटं वाढवली की गार झाल्यावर ती खडखडीत होते. खालच्या कडेला फिकट बदामी रंग आला आणि वरचा भाग पांढुरकाच असला तरी बाहेर काढा. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर. या दहा मिनिटांत मुलांचे हात ट्रेपासून दूर ठेवणं हे त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम.

मुलांच्या बाबतीतल्या चुका

कच्चं पीठ चाटू देऊ नका, अंडं नसलं तरी. मैदा भाजलेला नसतो आणि त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे बदाम-काजू हाताळायला न देता बारीक काप द्या, अख्खा दाणा घशात अडकू शकतो. ओटीजीची काच आणि बाहेरचा पत्राही चटका देतो, म्हणून तो ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवा. ट्रे आत-बाहेर करणं फक्त मोठ्यांनी. चटका बसलाच तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट, तूप, बर्फ काही लावायचं नाही.

पाच वर्षांच्या मुलाचं लक्ष फार वेळ टिकत नाही. साहित्य आधी मोजून, तूप-साखर फेटून तयार ठेवा आणि त्याला वळण्यापासून सामील करा. मोठ्या भावंडाला काटा आणि घड्याळ सांभाळायला द्या.

गरम असतानाच डब्यात भरणं

आतली वाफ झाकणाला लागून परत खाली पडते आणि दोन दिवसांत सगळी नानकटाई मऊ. किमान तासभर जाळीवर पूर्ण गार करा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात. चिवड्याच्या डब्यात ठेवू नका, मसाल्याचा वास लागतो. नीट ठेवलेली पंधरा दिवस चांगली राहते. मऊ पडलीच तर 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा खुसखुशीत होते. तुटलेले तुकडे फेकू नका. भरडून थोड्या तुपात परतले की बासुंदीवर किंवा आइस्क्रीमवर घालायला उत्तम, आणि ते भुरभुरवायचं काम पुन्हा मुलांचंच.