जवसाच्या तेलाची पावडर: सगळा खेळ इमल्शनचा

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३चा. हवा लागली की पहिलं तेच बिघडतं. म्हणून त्याच्या थेंबांभोवती डिंकाचं कवच चढवायचं.

प्रमाण: ताजं घाण्याचं तेल १०० ग्रॅम, अरेबिक डिंक २०० ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) २०० ग्रॅम, पाणी १ लिटर. तेल आधीच खवट असेल तर पुढचं वाचू नका. लाडवाचा डिंकही नको. अरेबिक डिंक रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी माल्टोडेक्स्ट्रिन विरघळवा, गाळा.

आता इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब पसरलेलं मिश्रण. ‘डिंक महाग, माल्टोडेक्स्ट्रिन वाढवा’ हा सल्ला देणाऱ्याने पावडर केलेली नसते. माल्टोडेक्स्ट्रिन भिंत बांधतं, पण तेलाचा थेंब धरून ठेवत नाही. ते काम डिंकातल्या प्रथिनाचं.

भांडं बर्फात ठेवून तेल बारीक धारेने सोडा आणि हाय-स्पीड मिक्सर पाच मिनिटं चालवा. पातं पूर्ण बुडालेलं हवं, नाहीतर फेस होतो. म्हणजे ज्या हवेपासून तेल वाचवायचं, तीच आपण आत कोंडतो. मग होमोजिनायझरमधून (जास्त दाबाने थेंब आणखी बारीक करणारं यंत्र) दोनदा काढा. मिक्सरवर भागेल असं मीही धरून चाललो होतो. इमल्शन दुधासारखं पांढरं दिसत होतं, तासाभराने वर पिवळी कड आली. ‘वाळल्यावर काय फरक पडतो’ म्हणून तसंच वाळवलं. पंधरा दिवसांनी डबा उघडला, तर नुकत्या रंगवलेल्या दाराचा वास! वार्निशात हेच तेल असतं. मोठे थेंब वाळताना फुटतात, तेल कणांच्या बाहेर येतं, आणि पावडरचा पृष्ठभाग एवढा मोठा की ते बाटलीतल्या तेलापेक्षा लवकर खवटतं.

तेव्हापासून माझा नियम: थोडं इमल्शन मोजपात्रात दोन तास ठेवायचं. वर कड दिसली की पुन्हा होमोजिनायझर. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब एक-दोन मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आत हवेत.

स्प्रे ड्रायर (इमल्शन गरम हवेत फवारून पावडर करणारं यंत्र): आत जाणारी हवा १७०-१८० अंश, बाहेर पडणारी ८०-९०. लक्ष दुसऱ्या आकड्यावर ठेवा, तो पंपाच्या वेगाने सांभाळता येतो.

चिमूटभर पावडर टिपकागदात दाबा. तेलाचा डाग पडला तर कवच फसलं. नसेल तर लगेच फॉइलच्या पाकिटात, नायट्रोजन भरून सील.

तेल पुसलेली फडकी मात्र चुरगाळून टाकू नका; ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.