नथ शार्प आली, डोळे गेले

सांगलीत एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम होणारी किट लेन्स होती. पहिलीच हळद जुन्या घराच्या माजघरात, उजेडाला एकच ट्यूब. लेन्स ५५वर नेली की छिद्र एफ ५.६च्या पुढे उघडेना (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). शटर १/१५ सेकंदावर आलं आणि हळद लावणाऱ्या हातांचे नुसते फराटे उमटले. फोटोग्राफर दादा म्हणाले, "झूमचा नाद सोड, प्राइम घे."

सेकंडहँड ५० एमएम एफ १.८ घेतली. प्राइम म्हणजे हिच्यात झूम नाही, एकच फोकल लेंथ; दृश्य किती जवळचं दिसणार ते ठरलेलं. पण ५.६पेक्षा जवळपास दहापट उजेड आत येतो. त्याच आयएसओवर, म्हणजे उजेडाच्या संवेदनशीलतेचं सेटिंग न बदलता, १/१२५ शटर मिळायला लागलं.

मग मी चेकाळलो. पुढच्या लग्नात सगळं १.८वरच. नवरीचा क्लोजअप साधारण मीटरभरावरून घेतला. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहतो तर नथीचे मोती टपोरे आणि डोळे धूसर! क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, एवढ्या जवळून १.८ला जेमतेम तीन सेंटिमीटर जागा शार्प राहते; नथ आणि डोळा यांत तेवढं अंतर सहज पडतं. दादा काही बोलले नाहीत, फोटो तेवढा अल्बममधून काढला. आता एकट्या माणसाला २.८, दोन रांगांच्या ग्रुपला ५.६ आणि गरज पडली तर फ्लॅश. फोकसचा ठिपका मी स्वतः डोळ्यावर नेऊन ठेवतो.

नवीन माणसाने ५०च घ्यावी असं सगळे सांगतात. मला पटत नाही. १.५ क्रॉपच्या बॉडीवर ती ७५सारखी दिसते, म्हणजे दृश्य आणखी जवळचं आणि अरुंद. माजघरात पाठ भिंतीला टेकली तरी पाचजण मावत नाहीत. घरातली कामं करायची असतील तर आधी ३५ एमएमची बघा. आणि निकॉनची डी ३५०० किंवा डी ५६०० असेल तर एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या; त्यांची फोकसची मोटर लेन्समध्येच असते. मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सना या बॉडीवर ऑटोफोकस मिळत नाही, कारण बॉडीतही मोटर नसते.

सरावाला मी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जायचो, समोर आयर्विन पूल. झूम नाही म्हणजे पायांनीच पुढेमागे व्हायचं. एकदा डोळा व्ह्यूफाइंडरला लावूनच मागे सरकलो आणि पायरी चुकून गुडघाभर पाण्यात गेलो. कॅमेरा तेवढा वर धरला होता.

सेकंडहँड लेन्स घेताना मागून मोबाइलची टॉर्च मारा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी परत द्या.