कोरड्या खोकल्यावर बेहदाण्याचा लुआब: कृती आणि खबरदारी

बेहदाणा किंवा बिहीदाणा म्हणजे क्विन्स या फळाच्या सुकवलेल्या बिया. त्या पाण्यात भिजवून गाळलं की मिळणारं बुळबुळीत पाणी म्हणजे लुआब. हे फळ इराण, तुर्कस्तान, अफगाणिस्तानात पिकतं. आपल्याकडे ते काश्मीरचं. तिथे त्याला बमचूंट म्हणतात आणि वांग्याबरोबर शिजवतात. बिया मात्र युनानी औषधांत वापरल्या जातात, मुख्यतः कोरडा खोकला, घसा बसणं आणि तोंड येणं यांवर.

काष्ठौषधीच्या दुकानात मागताना 'बिहीदाणा, खोकल्याचा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर बेदाणे पुडीत येतील. अस्सल दाणे तांबूस-तपकिरी, कोनेदार असतात, वर पांढुरकी पापुद्र्यासारखी साय असते आणि बरेचसे एकमेकांना चिकटून गठ्ठ्यात येतात. सगळे सुटे, गुळगुळीत, चकचकीत दाणे दिसले तर सफरचंदाच्या बियांची भेसळ समजा. चार दाणे चमचाभर पाण्यात टाकून पाहा: थोड्या वेळात पाणी बुळबुळीत झालं नाही, तर माल परत करा.

लुआबासाठी ३ ग्रॅम दाणे घ्या. एकदा पटकन धुवा. चोळून धुतलंत तर कामाची साय नळाखाली वाहून जाते. १०० मिली कोमट पाण्यात टाका आणि पहिली दहा मिनिटं मधूनमधून चमच्याने ढवळा. हे चुकवलं तर गठ्ठे बाहेरून फुगतात, आतले दाणे कोरडेच राहतात आणि लुआबात गुठळ्या होतात. मग चार-पाच तास झाकून ठेवा. सब्जाचा बुळबुळीतपणा दाण्याभोवतीच राहतो, इथे तो बराचसा पाण्यात उतरतो. म्हणून गाळणं आलंच, आणि चहाच्या गाळणीतून ते होत नाही. मलमलचं फडकं आधी ओलं करून त्यात ओता आणि हलक्या हाताने पिळा. फार घट्ट वाटलं तर थोडं कोमट पाणी घाला.

दाणे कुटायचे नाहीत, मिक्सरला लावायचे नाहीत, चावायचे नाहीत. औषधी भाग वरच्या सालीत आहे. आतल्या गरात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि गर फुटला की त्यातून सायनाइड सुटू शकतं. 'पूड करून मधातून घ्या' हा सल्ला त्यामुळेच चुकीचा. गाळून उरलेले दाणे फेकून द्या.

मोठ्या माणसाने हा लुआब दोन वेळांत विभागून, चवीपुरती खडीसाखर घालून घोट-घोट प्यावा. गटकन प्यायलात तर घशावर थर बसत नाही, आणि सगळा उपयोग त्या थराचाच आहे. तोंड आलं असेल तर बिनसाखरेचा लुआब तोंडात धरून चूळ भरा. फुटलेल्या ओठांवरही तोच लावतात. वाळला की ताणल्यासारखं वाटतं, तेव्हा वर तुपाचं बोट फिरवा.

सर्दीसह खोकला असेल तर युनानीतला नेहमीचा काढा म्हणजे बेहदाणा ३ ग्रॅम, उन्नाब, म्हणजे सुकलेली एक प्रकारची बोरं, ५ दाणे आणि सपिस्तान, म्हणजे सुकलेली भोकरं, ९ दाणे. परंपरेत तिन्ही एकत्र उकळतात. आमच्या मते उन्नाब आणि भोकरं २५० मिली पाण्यात निम्मं होईपर्यंत मंद आचेवर उकळावीत, भांडं उतरवून मग बेहदाणा घालावा आणि वीस मिनिटांनी गाळावं. एकत्र उकळलं की काढा लवकर दाटतो, तळाला धरतो.

लुआब त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्येही दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. आंबूस वास आला की ओतून द्या. इतर गोळ्या चालू असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा, कारण बुळबुळीत थरामुळे औषध शोषलं जायला उशीर होऊ शकतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी वैद्यांना विचारूनच वापरा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घालून तर नकोच. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा. खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, ताप किंवा धाप असली, थुंकीतून रक्त दिसलं, तर लुआब बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.