ड्वार्फ फोर्ट्रेस: खनिज खणण्याआधी कोळसा मोजा (या चुका टाळा)

ऐरोलीत आमच्या खिडकीतून पारसिकची रांग दिसते. सगळा काळा फत्तर, बेसाल्ट. ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकी गेममध्ये ड्वार्फ म्हणजे बुटक्यांकडून खणून किल्ला उभारायचा असतो. त्यात माझा पहिला किल्ला नेमका तशाच खडकावर वसला होता. हेमॅटाइट या लोह-खनिजाची शीर लागली, आठवडाभर तेवढंच खणत बसलो, आणि मग कळलं की स्मेल्टर, म्हणजे खनिज वितळवायची भट्टी, पेटवायला काहीच नाही. गेममध्ये बेसाल्टच्या थरात हेमॅटाइट मिळू शकतं, पण दगडी कोळसा फक्त गाळाच्या खडकात. चुनखडी आणि खडूही तिथेच. म्हणून जागा निवडतानाच गाळाचा थर बघा, आणि पोलाद करायचं असेल तर शोधाच्या पडद्यावर फ्लक्स स्टोनची (लोखंडातला मळ काढणाऱ्या चुनखडीसारख्या दगडाची) अट टाका.

दुसरी चूक कोळसा हाताशी असताना होते. दगडी कोळसा थेट जळण म्हणून चालत नाही, त्याचा आधी कोक (भाजून तयार केलेलं जळण) करावा लागतो, आणि पहिला कोक करायलाही एक जळण लागतंच. सुरुवातीला वुड फर्नेस (लाकूड जाळायची भट्टी) बांधा आणि एकदोन ओंडके जाळून लोणारी कोळसा करा. एका ओंडक्याचा एक कोळसा. तो टाकला की बिट्युमिनस कोळशाच्या एका दगडातून 9 कोक निघतात, लिग्नाइट या हलक्या प्रतीच्या दगडी कोळशातून 5.

खरा घोळ पोलादात होतो. तळोज्याच्या एका फाउंड्रीत काम करणारा माझा मामेभाऊ शेजारी बसून बघत होता. त्याने पहिलाच प्रश्न केला, "अरे, चुनखडी कुठे टाकलीस?" खऱ्या भट्टीत चुनखडी लोखंडातली वाळू-माती धरून मळी करते, ती वर तरंगते आणि काढून टाकता येते. गेमनेही फ्लक्स ठेवलाय तो त्यासाठीच.

10 बार पोलादाचा हिशेब मांडून बघा. एका खनिजातून 4 बार निघतात, म्हणजे 10 बार लोखंडासाठी 3 खनिजं आणि 3 जळण. त्यातल्या 5 बारांचं पिग आयर्न (पोलादाआधीच्या टप्प्याचं लोखंड) करायचं: दर बारमागे एक फ्लक्स, मिसळायला एक कोक आणि भट्टीला एक कोक. मग उरलेले 5 लोखंडी बार त्या पिग आयर्नसोबत पुन्हा तसेच, दर खेपेला एक फ्लक्स नि दोन कोक, आणि प्रत्येक खेपेत 2 बार पोलाद. एकूण 10 फ्लक्स, 23 कोक. बिट्युमिनस कोळशाचे 3 दगड पुरतात, कारण पेटवणीचा एक वजा जाता प्रत्येकी 8 हाती राहतात. लाकडावर भागवायचं तर 23 ओंडके मोजा, आणि फोर्जमध्ये (लोहारखान्यात) चिलखत घडवायचं जळण त्याहून वेगळं.

मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) लागला की सगळं फुकट, असं बरेच जण धरून चालतात. मॅग्मा स्मेल्टर भट्टीचं जळण वाचवतो, पण मिसळायचा कोक लागतोच. वरच्या हिशेबात 23 चे 10 होतात, शून्य नाही.

दगड कमी पडले म्हणून स्टोन यूजमध्ये (कोणता दगड वापरायचा ते ठरवायच्या यादीत) चुनखडीला परवानगी देऊ नका. खनिज, कोळसा, फ्लक्स हे दगड गेम मुळातच राखून ठेवतो. एकदा मोकळे केले की टेबलं, दारं, खुर्च्या त्यातूनच व्हायला लागतात. परवानगी दिली असेल तर आजच काढून घ्या.

खनिजाचा साठा खाणीजवळ ठेवू नका, स्मेल्टरच्या बाजूला ठेवा, आणि त्या साठ्याला हातगाडी जोडा. खनिज जड असतं. हातगाडी नसेल तर एकेक ढेकूळ वाहण्यातच ड्वार्फचा दिवस जातो.

एवढं करूनही स्मेल्टर बंदच असेल तर क्रमाने बघा: जळण मोकळं आहे का, खनिज फॉरबिड (वापरायला मनाई) झालंय का, तिथवर चालत जायला वाट आहे का. माझ्या किल्ल्यात एकदा ओल्या दगडापाशी (म्हणजे जवळ पाणी असल्याची खूण) खणणं थांबलं म्हणून मी भुयारात भिंत घातली होती, आणि पूर्ण शीर तिच्यामागे अडकली होती.