माउंट एल्गन: वागागाई शिखराच्या पदभ्रमणाची आखणी

युगांडा आणि केनिया यांच्या सीमेवरचा माउंट एल्गन हा मृत ज्वालामुखी उंचीपेक्षा विस्ताराने अधिक मोठा आहे. त्याचा पाया सुमारे ८० किलोमीटर रुंद असून, ४,३२१ मीटर उंचीचे वागागाई हे त्याचे सर्वोच्च शिखर युगांडाच्या हद्दीत, कॅल्डेराच्या (ज्वालामुखीचा माथा खचून झालेल्या विशाल खोलगट भागाच्या) कडेवर आहे. तेथे पोहोचण्यासाठी प्रस्तरारोहणाचे कौशल्य लागत नाही आणि नेमक्या त्याच कारणाने उंची गाठण्याची घाई होते आणि शरीराला विरळ हवेची सवय होण्याआधीच चढल्याने त्रास होतो. त्यामुळे मार्ग निवडताना वाट किती अवघड आहे यापेक्षा ती एका दिवसात किती उंच नेते, हे आधी पाहावे.

म्बाले शहराजवळच्या बुडादिरीहून निघणारी सासा वाट सर्वांत थेट आहे. ती साधारण चार दिवसांत पूर्ण होते. मात्र पहिल्याच दिवशी १,६०० मीटरहून अधिक चढावे लागते आणि दुसरा मुक्काम सुमारे ३,५०० मीटरवरील मूडे गुहेजवळ पडतो. कापक्वाटाहून जाणारी पिस्वा वाट लांब असली तरी तिचा चढ सौम्य आहे आणि ती पोडोकार्पस या सूचीपर्णी वृक्षांच्या जुन्या जंगलातून जाते. सवड असल्यास पिस्वाने चढून सिपीच्या वाटेने उतरावे, असे माझे मत आहे. सासाच घ्यायची असेल, तर मूडे येथे विश्रांतीचा एक जादा दिवस ठेवावा.

युगांडा वन्यजीव प्राधिकरणाचा परवाना आणि सोबत वनरक्षक-मार्गदर्शक असल्याशिवाय माउंट एल्गन राष्ट्रीय उद्यानात पदभ्रमण करता येत नाही. हमाल पायथ्याच्या गावांतून मिळतात. त्यांचे ओझे, दिवस आणि मजुरी निघण्यापूर्वीच ठरवावी. देशात प्रवेश करताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते.

डिसेंबर ते मार्च आणि जून ते ऑगस्ट हे महिने तुलनेने कोरडे असतात, तरीही दुपारनंतर पाऊस गृहीतच धरावा. बांबूच्या पट्ट्यात मुळे आणि चिखल यांमुळे पाय सहज घसरतो, विशेषतः उतरताना. म्हणून घोट्याला आधार देणारे बूट आणि हातात काठी असावी. झोपण्याची पिशवी व कोरडे कपडे जलरोधक पिशवीत बांधावेत, कारण महाकाय लोबेलिया आणि सेनेसिओ या वनस्पती दिसू लागतात त्या मोकळ्या माळावर रात्री तापमान शून्याखाली जाऊ शकते. (विषुववृत्त इतके जवळ असताना थंडी कसली, असे वाटून अनेक जण जाड कपडे कमी घेतात.) ओढ्याचे पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच प्यावे.

शिखराच्या दिवशी मूडेहून आठशे मीटरहून अधिक चढून परत यायचे असल्याने उजाडण्यापूर्वी निघावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास पुढे चढू नये. झोक जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी दम लागला, तर रात्र असली तरी त्या व्यक्तीला सोबतीने ताबडतोब खाली न्यावे.

गुहांचा मोह मात्र आवरावा. केनियाच्या बाजूच्या किटुम गुहेत हत्ती क्षारासाठी भिंती खरवडतात, म्हणून ती प्रसिद्ध आहे. पण १९८० आणि १९८७ मध्ये वटवाघळांतून पसरणाऱ्या प्राणघातक मारबर्ग विषाणूची लागण झालेल्या रुग्णांनी आजारापूर्वी त्या गुहेला भेट दिली होती. वटवाघळांची वस्ती असलेल्या कोणत्याही गुहेत शिरू नये आणि तिच्या तोंडाशी जेवायलाही बसू नये.