तालीम सुटली, खुराक नाही: चाळिशीनंतरचं पोट, साखर आणि थकवा

जेवल्यावर डोळे मिटतात, घोरणं वाढतं, अंगात उत्साह नसतो, शरीरसंबंधाची इच्छा उरत नाही. 'वय झालं' म्हणून सोडून देण्याआधी मोजपट्टी घ्या.

पँटच्या नंबरावर जाऊ नका. पोट सुटलं की पट्टा पोटाखाली सरकतो. पँट चौतीसचीच राहते आणि पोट चाळीस इंच भरतं. शर्ट काढून उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी धरा, श्वास सहज सोडून आकडा वाचा. भारतीय पुरुषाची हद्द ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच.

मग रक्ततपासणी. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, आणि वाढलेली कंबर. या पाचांतल्या तीन गोष्टी असल्या तर तो मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारा बिघाड. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ ते ६.४ आलं तर मधुमेह उंबऱ्यावर आहे, ६.५ पासून पुढे तो घरात आला. थकवा असेल तर थायरॉइड आणि बी-१२ पण बघा, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर. आदल्या रात्री मटणाचं ताट नको, दारू तर नकोच; ट्रायग्लिसराइड फुगून येतं. सकाळचा चहा रक्त दिल्यावर.

आपल्या कोल्हापूरचं दुखणं असं की तालीम सुटते, खुराक सुटत नाही. जेवणातली साखर रक्तातून उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. जोर-बैठका थांबल्या, स्नायू झिजले, की ती साखर रक्तात रेंगाळते आणि चरबी यकृतात, आतड्यांभोवती साठते. हीच चरबी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं ईस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रियांचं हार्मोन, करत राहते.

म्हणून आधी बैठका. आठवड्यात तीन दिवस, खुर्चीला टेकून उठायचं, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी खुर्ची काढा, मग दर आठवड्याला फेरीमागे दोन वाढवा. जोर आधी भिंतीवर, मग कट्ट्यावर, शेवटी जमिनीवर. उठताना श्वास सोडा. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. जुन्या पैलवानांची हमखास चूक म्हणजे पहिल्याच दिवशी शंभर बैठका. गुडघा सुजतो आणि महिनाभर सगळंच बंद. रंकाळ्यावर रोज अर्धा तास चालणं उत्तमच, पण नुसत्या चालण्यानं स्नायू भरत नाहीत. रात्री जेवल्यावर लगेच दहा मिनिटं चाला, साखर कमी चढते.

मटण सोडायची गरज नाही. कांदा-काकडी आणि मटणाच्या फोडी आधी खा, भाकरी एक, भात शेवटी चार घास. तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा कट बाजूला सारा. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते. तो एक वाटी पुरे. गुळानं साखर वाढतेच, मग तो कितीही नैसर्गिक असो. उसाच्या रसाच्या एका ग्लासात तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायलात तर ते जेवणात धरा, जेवणावर नको. प्रथिनं वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम: सत्तर किलोला सत्तर. अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात.

घोरताना श्वास मधेच थांबतो असं घरचे सांगत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. ताठरता कमी झाली असेल तर लाजू नका, हृदयही तपासा. तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद, त्यामुळे बिघाड आधी तिथं दिसतो.

टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासा. तापात किंवा शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी चालू असताना केलेली तपासणी फसवते. दोन्ही वेळा ३०० (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली आलं आणि त्रासही असेल तरच उपचाराचा विचार, तोही डॉक्टरांकडे. जिममधल्या ओळखीनं इंजेक्शन अजिबात नको: शुक्राणू घटतात, रक्त दाट होतं.

एचबीए१सी तीन महिन्यांनी परत करा. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर फार खाली जाते. हात थरथरले, घाम फुटला की साखर ७० च्या खाली गेली असं समजून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.